टेंभलीचा अनुस्वार आणि दूरचित्रवाणीची कडा

१/१९
२९ सप्टेंबर २०१०. नंदुरबार जिल्ह्याच्या शहादा तालुक्यातील टेंभली या गावी तत्कालीन पंतप्रधान डॉ. मनमोहन सिंग आणि सोनिया गांधी यांच्या उपस्थितीत देशातील पहिले बारा अंकी आधार क्रमांक दहा रहिवाशांना देण्यात आले. इतिहासात त्या क्रमांकांची नोंद झाली. मात्र या व्यवस्थेतील एका साध्या वस्तूकडे फारसे कुणाचे लक्ष गेले नाही. ती वस्तू म्हणजे दुसरा पडदा.

२/१९
आधार नोंदणीची जी पद्धत पुढे देशभर रूढ झाली, तीत एका संगणकाला दोन पडदे जोडलेले असतात. एक नोंदणी करणाऱ्यासमोर, दुसरा रहिवाशाकडे तोंड करून. नाव, जन्मतारीख आणि पत्ता रोमन लिपीत व राज्याच्या भाषेत त्यावर उमटतो. रहिवाशाने तो वाचायचा, चूक असल्यास तिथेच सांगायची आणि मगच नोंद पुढे जायची.

३/१९
ही खबरदारी आवश्यक होती. रोमन लिपीत ‘ट’ आणि ‘त’ यांना एकच अक्षर, ‘अ’ आणि ‘आ’ यांनाही एकच. त्यावरून संगणकाने केलेले देवनागरी रूप हा शेवटी अंदाजच. भिली, पावरी, अहिराणी बोलणाऱ्या या जिल्ह्यातील नावे आणि पाड्यांची नावे तर प्रमाण मराठीच्या शब्दकोशात सापडतीलच असे नाही. त्यामुळे अखेरचा तपासनीस म्हणजे ज्याचे नाव आहे तो माणूस, आणि त्याचे साधन म्हणजे तो पडदा.

४/१९
आता ‘टेंभली’ आणि ‘नंदुरबार’ हे दोन शब्द पाहा. दोन्हींत अनुस्वार आहे. लहान आकाराच्या अक्षरात तो एका-दोन पिक्सेलांचा ठिपका असतो. पडद्याचे रेझोल्यूशन चुकले की तो शिरोरेषेत मिसळतो किंवा पुसट होतो. संगणक दूरचित्रवाणी संचाला जोडला की हे हमखास घडते. अक्षरे फुगतात, धूसर होतात, कडेचा मजकूर चौकटीबाहेर जातो. असे का होते, याचे उत्तर शोधण्यासाठी १९३६ पर्यंत मागे जावे लागते.

५/१९
२ नोव्हेंबर १९३६ रोजी बीबीसीने लंडनच्या अलेक्झांड्रा पॅलेसमधून नियमित प्रक्षेपण सुरू केले. पुढे टिकलेल्या त्यातील पद्धतीत चित्र ४०५ आडव्या ओळींचे असे. त्या काळी पिक्सेल हा शब्दही नव्हता. इलेक्ट्रॉनांचा झोत काचेवर डावीकडून उजवीकडे ओळी ओढत जाई. आडव्या दिशेत ठिपके मोजलेले नसत, उभ्या दिशेत ओळी मात्र मोजलेल्या असत.

६/१९
भारतात १५ सप्टेंबर १९५९ रोजी दिल्लीत प्रायोगिक प्रक्षेपण सुरू झाले. २ ऑक्टोबर १९७२ रोजी मुंबई केंद्र आले आणि १९८२ मध्ये रंग आले. भारताने ६२५ ओळींची पद्धत स्वीकारली होती. त्यांपैकी प्रत्यक्ष चित्राच्या सुमारे ५७५. सेकंदाला ५० अर्धी चित्रे येत. एकदा विषम ओळी, एकदा सम ओळी. दोन्ही मिळून पूर्ण चित्रे २५.

७/१९
पिक्चर ट्यूबचा एक स्वभाव होता. विजेचा दाब कमी झाला की चित्र आकसे, वाढला की फुगे. संच जुना झाला की ते सरके. घरोघरी टीव्हीखाली स्टॅबिलायझर ठेवला जाई तो उगाच नव्हे. चित्राभोवती काळी पट्टी दिसू नये म्हणून उत्पादकांनी चित्र मुळातच चौकटीपेक्षा थोडे मोठे ठेवले. कडेचा भाग चौकटीमागे दडलेला राही. या योजनेचे नाव ओव्हरस्कॅन.

८/१९
कार्यक्रम करणाऱ्यांनी हे गृहीत धरले. नावे आणि पाट्या चित्राच्या मधल्या सुमारे ऐंशी टक्के भागातच ठेवायच्या, महत्त्वाची हालचाल नव्वद टक्क्यांत, असा दंडक पडला. कडेला काही महत्त्वाचे ठेवायचेच नाही, हा दूरचित्रवाणीचा करार होता. संगणकाने मात्र तो करार कधी केलाच नाही. त्याच्या पडद्यावर पहिला पिक्सेल आणि शेवटचा पिक्सेल यांचा मान सारखाच.

९/१९
तरीही घरगुती संगणकाने सुरुवात टीव्हीच्याच आश्रयाने केली, कारण स्वतंत्र मॉनिटर महाग होता. १९८२ च्या झेडएक्स स्पेक्ट्रमने यावर साधा तोडगा काढला. चित्र फक्त २५६ × १९२ पिक्सेलांचे, आणि त्याभोवती रुंद रंगीत किनार. कापायचेच असेल तर किनार कापा. पुण्याच्या डेसिबेल्स इलेक्ट्रॉनिक्सने पुढे याच घराण्यातील संगणक परवान्याने भारतात आणला.

१०/१९
याच दशकात देवनागरीची अडचण उघड झाली. आयबीएमच्या १९८१ च्या रंगीत पडद्यावर एका अक्षराला ८ × ८ ठिपक्यांचा चौकोन मिळे. रोमन अक्षर त्यात मावते. देवनागरीला मात्र तीन मजले लागतात. वर वेलांटी, मात्रा, रफार, अनुस्वार, मध्ये शिरोरेषेला टांगलेले अक्षर, खाली उकार. आठ ओळींत हे तीन मजले उभे राहत नाहीत.

११/१९
आयआयटी कानपूर येथे सुरू झालेले काम १९८८ मध्ये स्थापन झालेल्या पुण्याच्या सी-डॅकमध्ये पुढे गेले आणि ‘जिस्ट’ कार्ड आले. ते संगणकात बसवले की मूळच्या इंग्रजी कार्यक्रमांतही भारतीय लिप्या पडद्यावर उमटत. रेझोल्यूशन हा केवळ सुबकतेचा प्रश्न नसून लिपीच्या अस्तित्वाचा प्रश्न आहे, हे त्या काळात स्पष्ट झाले.

१२/१९
टीव्हीवर आणखी एक विघ्न होते. एकाच ओळीच्या जाडीची आडवी रेघ विषम किंवा सम, एकाच अर्ध्या चित्रात येते. म्हणजे ती सेकंदाला २५ वेळाच उजळते आणि डोळ्यांना थरथरताना दिसते. देवनागरीची शिरोरेषा ही नेमकी अशीच आडवी रेघ. अक्षरे थरथरू नयेत म्हणून ती रेघ किमान दोन ओळी जाड करावी लागे.

१३/१९
१९८७ मध्ये आयबीएमने व्हीजीए आणले, ६४० × ४८०. पुढे १०२४ × ७६८ रूढ झाले. संगणक टीव्हीपासून वेगळा होऊन स्वतःच्या मॉनिटरकडे गेला. १९९४ मध्ये व्हेसा या उद्योगसंस्थेने ‘ईडीआयडी’ ठरवले. ही १२८ बाइटांची छोटी ओळखचिठ्ठी. पडदा तारेतूनच संगणकाला सांगतो, ‘मी इतक्या पिक्सेलांचा आहे.’ डिसेंबर २००२ मध्ये एचडीएमआयचा पहिला आराखडा आला आणि टीव्ही व संगणक पुन्हा एका तारेत बांधले गेले.

१४/१९
तोवर पडदे सपाट झाले होते. त्यांतले पिक्सेल कारखान्यातच मोजून बसवलेले. विजेच्या दाबाने चित्र आता आकसत नाही. ओव्हरस्कॅनचे मूळ कारण संपले, सवय उरली. जुन्या प्रक्षेपणांच्या कडेला कधी कधी कचरा दिसे, तो झाकावा म्हणून अनेक संच आजही चित्र दोन ते पाच टक्के ताणतात. १०८० ओळींपैकी खालून पाच टक्के गेले तर ५४ ओळी जातात. विंडोजच्या तळाची पट्टी सहसा त्याहून कमी ओळींची. ती पूर्ण दिसेनाशी होते.

१५/१९
दुसरा घोळ १३६६ या आकड्याचा. ७६८ ओळी संगणकाच्या परंपरेतून आल्या. १६:९ या नव्या प्रमाणात त्यांना १३६५.३३ स्तंभ लागतात, म्हणून १३६६. हा आकडा आठने भागला जात नाही, म्हणून अनेक संगणक १३६० × ७६८ देतात. उलट ‘एचडी रेडी’ म्हणून विकले गेलेले असे अनेक संच एचडीएमआयवर स्वतःची ओळख १२८० × ७२० किंवा १९२० × १०८० अशी प्रक्षेपणाच्या मापात सांगतात. संगणक त्यावर विश्वास ठेवतो, टीव्ही ते चित्र पुन्हा मोजून बसवतो, आणि एका पिक्सेलचा अनुस्वार शेजारच्या पिक्सेलांवर विखुरतो.

१६/१९
तिसरा घोळ दोन पडद्यांचा. लॅपटॉप आणि टीव्हीवर एकच चित्र दाखवायला सांगितले की संगणक दोघांना झेपेल असे माप शोधतो. ते अनेकदा १०२४ × ७६८ निघते. चार-तीनचे ते चित्र सोळा-नऊच्या पडद्यावर ताणले जाते. स्वस्त व्हीजीए तारेत ओळखचिठ्ठीच्या पिना जोडलेल्या नसल्या तरी हेच होते. चिठ्ठी पोहोचलीच नाही, तर संगणक अंदाजाने जुने माप धरतो.

१७/१९
१ जुलै १९९८ रोजी धुळे जिल्ह्यातून वेगळा झालेला नंदुरबार हा सातपुड्यातील दुर्गम पाड्यांचा जिल्हा. २०१५ मध्ये राज्यात ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ कार्यक्रम सुरू झाला, त्या काळात जिल्हा परिषदांच्या अनेक शाळांत लोकवर्गणीतूनही संगणक आणि टीव्ही आले. जिथे मूल घरी पावरी बोलते आणि मराठी लिपी प्रथम पडद्यावर पाहते, तिथे ‘किती’ आणि ‘कीती’ यांतला फरक धूसर दिसणे परवडत नाही.

१८/१९
इतिहास कळला की उपाय त्याच क्रमाने सापडतात. आधी टीव्हीचा ओव्हरस्कॅन बंद करावा. काही संचांत तो ‘जस्ट स्कॅन’, काहींत ‘स्क्रीन फिट’, काहींत ‘फुल पिक्सेल’ या नावाने असतो. त्या जोडणीला ‘पीसी’ असे नाव देण्याची सोय असल्यास ते द्यावे. मग संगणकात टीव्हीचे खरे माप निवडावे. नावापुढे ‘आय’ असलेले, म्हणजे अर्ध्या-अर्ध्या ओळींचे माप टाळून ‘पी’ असलेले घ्यावे. दोन पडद्यांची मापे जुळत नसतील तर एकच चित्र दोन्हीकडे दाखवण्याऐवजी पडदा ‘विस्तारावा’, म्हणजे प्रत्येकाला स्वतःचे माप मिळते. १३६६ चा संच एचडीएमआयवर ऐकत नसेल तर, व्हीजीएचे तोंड असल्यास, तिथून प्रयत्न करावा.

१९/१९
कसोटीसाठी महागडे साधन नको. पूर्ण पडद्यावर कडेने एक पिक्सेलची चौकट काढावी आणि आत लहान अक्षरांत ‘टेंभली, नंदुरबार’ लिहावे. चौकटीच्या चारही बाजू दिसल्या, शिरोरेषा स्थिर राहिली, अनुस्वार सुटा दिसला आणि ‘दु’चा उकार ठसठशीत उमटला, तर माप जुळले. नोंदणीच्या खुर्चीत बसलेल्या माणसाला आपले नाव बरोबर लिहिले आहे की नाही, हे नेमके एवढ्याच चार गोष्टींवरून ओळखायचे असते. त्याने मान डोलावली की ते नाव शिधापत्रिकेपासून बँकेच्या खात्यापर्यंत त्याच रूपात त्याच्यासोबत चालते.