चिमणरावांची पालि वंशावळ

मुंबई दूरदर्शन 1972 साली सुरू झाले आणि त्या दशकाच्या उत्तरार्धात दिलीप प्रभावळकरांचे चिमणराव व बाळ कर्व्यांचे गुंड्याभाऊ घरोघर पोचले, ही हकीकत सर्वश्रुत आहे. 1940 च्या ‘लग्न पहावे करून’ या बोलपटाने ही जोडी त्याआधीच पडद्यावर आणली होती, एवढी नोंदही पुरे. माझे कुतूहल त्याहून मागचे आहे. दर भागात नवे संकट ओढवून घेणारा, पोरेबाळे वाढली तरी ज्याचे शहाणपण रतिभरही वाढत नाही, असा हा कायमचा वेंधळा चिं. वि. जोशी यांना सापडला कोठे?

रूढ फैसला असा, की श्रीपाद कृष्ण कोल्हटकरांच्या सुदामा, बंडूनाना आणि पांडुतात्या यांच्या गोतावळ्यातून, गडकऱ्यांच्या बाळकरामाच्या वाटेने तो आला. आपली फजिती आपणच सांगण्याची तऱ्हा तिकडची, हे मी निमूट कबूल करतो. परंतु कोल्हटकरांचे त्रिकूट ज्या रूढीची खोड मोडायची तिच्या मापाने वेडे होते, तर जोशांच्या कथांत प्रसंग बदलत जातात आणि वेडेपणा मात्र एकाच इसमाच्या नावे कायम राहतो. दुसरा पक्ष सर्व्हान्टिसचा दाखला देतो. कृश नायक व जाडजूड सोबती एवढ्यावर वारसा शाबीत होत असेल, तर कोणताही मुनसफ असला दावा पहिल्याच तारखेला खारीज करील.

माझा पुरावा बडोद्याचा आहे. जोशी तेथील महाविद्यालयात पालि शिकवीत, पुढे संस्थानचे राजदप्तरही त्यांच्याकडे होते, आणि बुद्धाच्या पूर्वजन्मांच्या जातककथा त्यांनी मराठीतही आणल्या. या 547 जातकांच्या अखेरीस, त्या जन्मीचा अमुक तो आजचा तमुक, असा ‘समोधान’ नावाचा खुलासा येतो. त्यामुळे तीच मोजकी पात्रे नवनव्या वेषांत पुनःपुन्हा भेटतात. बोधिसत्त्व शहाणा आणि देवदत्त खल, हे ठरलेलेच. पण या मेळाव्यात लालुदायी नावाचा एक मंदबुद्धी भिक्षू आहे, आणि माझा सारा भरवसा त्याच्यावर आहे. एका जन्मी तो राजाचा मूल्यकार होऊन पाचशे घोड्यांची किंमत तांदळाचे एक माप ठरवितो, आणि त्या मापाची किंमत विचारताच अवघी वाराणसी नगरी सांगून मोकळा होतो. दुसऱ्या जन्मी तो शिष्य असतो. त्याला साप, हत्ती आणि अखेर दहीदेखील नांगराच्या इसाडासारखेच दिसते.

सोमदत्त जातकात तर तो आपल्या चिमणरावांच्या इतका जवळ येतो, की मला दुसरी साक्ष काढण्याची गरजच वाटत नाही. चारचौघांत तोंड न उघडणाऱ्या या गरीब ब्राह्मणाचा एक बैल मरतो. मुलगा राजसेवक; तो बापाला स्मशानात नेतो, गवताच्या पेंढ्या मांडून हा राजा, हा युवराज, अशी खोटी सभा भरवितो आणि बैल मागण्याचा श्लोक वर्षभर घोकून घेतो. प्रत्यक्ष दरबारात म्हातारा सारा श्लोक खडखडीत म्हणतो, आणि शेवटच्या चरणात ‘दुसरा द्या’ म्हणायचे ते ‘दुसराही घ्या’ असे बोलून बसतो! राजा हसतो, हे ओघानेच आले.

जोशांनी या उसनवारीत एकच फेरफार केला, आणि त्यांची खरी प्रतिभा मला त्यातच दिसते. जातकात शहाणा मूर्खाची कथा सांगतो; जोशांनी कोल्हटकरांची तऱ्हा घेऊन कथनाची मुखत्यारी मूर्खाच्याच हाती दिली. दूरचित्रवाणीवर ती त्याच्याकडून निसटली. कॅमेरा बाहेरूनच पाहणार. तेव्हा जे चिमणराव छापील पानावर स्वतः मोठ्या गांभीर्याने निवेदन करीत, ते प्रभावळकरांना भेदरलेल्या डोळ्यांनी आणि अवघडलेल्या खांद्यांनी वठवावे लागले.

सोटा घेऊन फिरणारा गुंड्याभाऊ मात्र जातकांच्या या वंशवृक्षात बसत नाही. तो सर्व्हान्टिसच्या पक्षकारांनी खुशाल न्यावा. मात्र तिकडचा जाडजूड सोबती सँको स्वभावाने भित्रा, तेव्हा हा आडदांड गडी त्याच्या नात्यात कसा बसवायचा, हे त्यांचे त्यांनी पाहावे.