डोंगरातले घर आणि रेड्याचे देणे : तोराजा अभ्यासाची प्रस्तावना

तोराजा लोकांविषयी पहिल्यांदा वाचणारा बहुधा त्यांच्या अंत्यविधींपाशीच अडकतो. कड्यात कोरलेली थडगी, त्यांच्या सज्जात ओळीने उभे केलेले लाकडी पुतळे, विधीत कापले जाणारे रेडे. छायाचित्रांत हेच दिसते आणि पर्यटकालाही हेच दाखवले जाते. मग ‘मृत्यूचे वेड असलेला समाज’ अशी समजूत सहज होऊन बसते. या क्षेत्रात नव्याने पाऊल टाकणाऱ्याने ती तूर्तास बाजूला ठेवावी आणि रोकडे प्रश्न हाती घ्यावेत. हे भातखाचर कोणाचे? या घराच्या छपराला हातभार कोणी लावला? पोटापाण्यासाठी दूर गेलेला माणूस गावी परत येतो तो कशासाठी? या प्रश्नांचा माग काढता काढता अंत्यविधींचाही अर्थ लागत जातो.

तोराजांचा मुलूख इंडोनेशियातल्या सुलावेसी बेटाच्या दक्षिण भागात, सादान नदीच्या वरच्या खोऱ्यात आहे. माकाले आणि रांतेपाओ ही तिथली मोठी गावे. २००८ मध्ये उत्तर तोराजा हा वेगळा जिल्हा झाला. पश्चिमेला बित्तुआंग, सिम्बुआंग हा दुर्गम डोंगरपट्टा आहे आणि त्यापलीकडे मामासा. मामासा आज पश्चिम सुलावेसी प्रांतात मोडते, पण चालीरीतींनी तोराजांच्या जवळचे आहे.

सुरुवात घरापासून करावी. तोंगकोनान, म्हणजे मूळघर, लाकडी खांबांवर उभे असते. छपराची दोन्ही टोके उंच उचललेली, तोंड उत्तरेला, समोर भाताची कोठारे आणि दर्शनी खांबावर कापलेल्या रेड्यांच्या शिंगांची चळत. बांधणी देखणी आहेच, पण अभ्यासकाला महत्त्वाची वाटावी ती घरामागची माणसे. घर वसवणाऱ्या जोडप्याचे सगळे वंशज, मुलाकडचे असोत की मुलीकडचे, त्या घराचे ठरतात. त्यामुळे एकच माणूस आईच्या, वडिलांच्या, आजीच्या, आजोबांच्या अशा कितीतरी घरांचा असतो. इतकी घरे सांभाळणे कोणालाच परवडत नाही. म्हणून जिथे तो विधीला जातो, जिथल्या पुनर्बांधणीत वाटा उचलतो, तिथला त्याचा हक्क जागता राहतो. बाकीच्या घरांशी नाते हळूहळू पुसट होते. घर मोडकळीला आलेले नसले तरी ते नव्याने बांधायला घेतात, त्यामागे हेही एक कारण असते. अशा वेळी कोण पुढे आले, हे साऱ्या गोतावळ्याला दिसते.

सातबाऱ्यावर नाव चढले की निर्धास्त होणाऱ्या मराठी वाचकाला ही मालकी आधी निसरडी वाटेल. पण तिच्यात हिशेब अगदी काटेकोर असतो आणि त्याचे माप म्हणजे रेडा. पांढऱ्या-काळ्या ठिपक्यांचा ‘तेदोंग बोंगा’ सर्वांत मोलाचा. अशा जनावराला नांगराला जुंपत नाहीत. त्याला धुतात, चारतात, जपतात. खाचर गहाण पडते तेही रेड्यांवर. ज्याने रेडे दिले तो जमीन कसतो आणि पीक नेतो. तेवढे रेडे परत आले की जमीन सुटते. अशी गहाणे कधी कधी पुढच्या पिढीपर्यंत चालतात. काही भागांत आईवडिलांच्या अंत्यविधीला कोणत्या मुलाने किती रेडे कापले, यावर त्याचा जमिनीतला वाटा ठरतो. म्हणजे एका अर्थी वारसाहक्काची वाटणी विधीच्या मैदानातच होते.

त्या मैदानाकडे जवळून पाहावे. पाहुणे गटागटाने, रांग धरून येतात. बांबूला बांधलेली डुकरे खांद्यावरून येतात, रेडा दोरीने. यजमानांपैकी एकजण वही घेऊन बसलेला असतो. कोणी काय आणले, डुक्कर केवढे, रेड्याची शिंगे किती लांब, सगळे टिपले जाते. शिंगांची लांबी मोजायला पट्टी लागत नाही. बोटे, मनगट, कोपर अशी हातावरचीच मापे चालतात. सरकारी माणूस कापल्या जाणाऱ्या जनावरांवरचा कर वेगळा लिहून घेतो. ही आणलेली जनावरे आहेर म्हणून सोडून देता येत नाहीत. आणणाऱ्याच्या घरी विधी होईल तेव्हा तोलामोलाचे जनावर घेऊन जावे लागते, आणि फेडायचे राहिले तर ते देणे मुलांवर येते. पुढे मांस वाटतानाही प्रत्येक घराचा आणि मानकऱ्याचा वाटा ठरलेला असतो. वाटा चुकला तर अपमान होतो, आणि तो लवकर विसरला जात नाही.

इथूनच प्रवासाचा विषय मालमत्तेच्या विषयात मिसळतो. हक्क जागता ठेवायचा तर यावे लागते, आणि डोंगरात येणे सोपे नसते. बित्तुआंगहून मामासाला जाणारी पायवाट तीन दिवसांची म्हणून प्रसिद्ध आहे. पश्चिमेकडच्या गावांचा रस्ता पावसात चिखलात रुततो. सहा दिवसांच्या फेऱ्याने भरणारे बाजार हीच कितीतरी गावांची जुनी दिनदर्शिका. रांतेपाओजवळच्या बोलू बाजारात रेड्यांचा सौदा होतो, तिथे डोंगरातला माणूस आणि शहरातून आलेला त्याचा भाऊबंद समोरासमोर येतात. कारण १९६० आणि १९७० च्या दशकांपासून तरुण मोठ्या संख्येने बाहेर पडले, कोणी मकासारला, कोणी कालिमंतानला, कोणी पापुआला. त्यांची कमाई रेड्यांच्या रूपाने परत येते. तिच्यासोबत ताणही येतो. पूर्वी दास मानल्या गेलेल्या घराण्यातला मुलगा चार पैसे मिळवून मोठा विधी करू पाहतो, तेव्हा जुन्या मानकऱ्यांच्या भुवया उंचावतात. रात्रभर चालणाऱ्या बसगाड्यांनी आणि २०२१ मध्ये उद्घाटन झालेल्या मेंकेंदेक इथल्या विमानतळाने अंतर कमी केले, पण येण्याचे बंधन सैल झाले नाही.

इतिहासाचे धागेही याच वाटांवरून जातात. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस कॉफी आणि दास यांच्या व्यापारासाठी सखल भागातल्या सत्तांनी या डोंगरात हात घातला. १९०६ मध्ये डच सैन्य आले. पोंग टिकू या तोराजा सरदाराने झुंज दिली आणि १९०७ मध्ये तो मारला गेला. १९१३ मध्ये डच मिशनरी आले. आज बहुसंख्य तोराजा ख्रिस्ती आहेत. पूर्वजांचा जुना मार्ग, ‘अलुक तो दोलो’, १९६९ मध्ये सरकारदरबारी हिंदू धर्माच्या छत्राखाली नोंदवला गेला. भारतीय वाचकाने त्यावरून घाईने आपलेपणा जोडू नये; मान्यताप्राप्त धर्मांच्या यादीत जागा मिळवण्याचा तो इंडोनेशियातला मार्ग होता.

वाचनाची वाट मळलेली आहे. हेटी नोय-पाल्म यांचे दोन खंड (१९७९ आणि १९८६) विधी आणि समाजरचनेचा तपशील देतात. टोबी व्होल्कमन यांचे ‘फीस्ट्स ऑफ ऑनर’ (१९८५) मेजवान्यांतला मान आणि बदलता काळ दाखवते. रोक्साना वॉटरसन यांचे ‘पाथ्स अँड रिव्हर्स’ (२००९) घर, नाती आणि स्मृती यांचा दीर्घ पट उलगडते, तर कॅथलीन अॅडम्स यांचे ‘आर्ट अॅज पॉलिटिक्स’ (२००६) कोरीवकाम, पर्यटन आणि ओळख यांची गुंतागुंत सांगते. व्होल्कमन आधी वाचावे आणि मग वॉटरसन; नोय-पाल्म यांचे खंड हाताशी ठेवून हवे तेव्हा उघडावेत.

यातले बरेचसे लेखन रांतेपाओच्या आसपासच्या, सुपीक आणि उतरंड पक्की असलेल्या गावांवर बेतलेले आहे. सिम्बुआंगसारख्या टोकाच्या गावाला तेच नियम जसेच्या तसे लावू नयेत. तिथे काय वेगळे चालते हे विचारणे हेच नव्या अभ्यासकाचे काम. कोणत्याही विधीचे वर्णन हाती आले की तीन प्रश्न शेजारी लिहून ठेवावेत: कोण आले, काय घेऊन आले, आणि ते कोणत्या जुन्या देण्याची फेड होती. ही उत्तरे सापडू लागली की तुम्हीही या क्षेत्राचे भागीदार झालात असे समजावे. तुमचे स्वागत आहे.