चालत्या ॲपला हुक: एका चाचणीतंत्राचा इतिहास

प्रोग्रॅम चालू असताना त्यातल्या एखाद्या फंक्शनकडे जाणारा कॉल मध्येच अडवून आपल्या कोडकडे वळवणे, याला हुकिंग म्हणतात. रेल्वेचा सांधा बदलला की गाडी दुसऱ्या रुळावर जाते, तसेच हे घडते. फंक्शनला कोणती माहिती दिली गेली आणि त्याने काय उत्तर दिले, हे हुक लावणाऱ्याला दिसते. हवे असेल तर दोन्ही बदलताही येते. मोबाइल ॲपच्या सुरक्षा चाचणीत आज हे रोजचे काम झाले आहे. बँकेचे नवे ॲप हाती आले की परीक्षक ते फोनवर चालवतो आणि पिन तपासणारे, माहिती कूटबद्ध करणारे, सर्व्हरशी बोलणारे फंक्शन शोधून त्यांना हुक लावतो. तंत्र मात्र चाचणीपेक्षा बरेच जुने आहे, आणि ते आधी सोयीसाठी वापरात आले.

डॉसच्या काळात इंटरप्ट, म्हणजे चालू काम थांबवून ठरावीक कोड चालवायला लावणारी हाक, हाताळणाऱ्या कोडचे पत्ते मेमरीच्या सुरुवातीलाच एका तक्त्यात ठेवलेले असत आणि कोणताही प्रोग्रॅम ते बदलू शके. १९८४ साली आलेले बोरलँड कंपनीचे साइडकिक याच मोकळिकीवर चालत असे. ते मेमरीत बसून कीबोर्डवर लक्ष ठेवी आणि ठरावीक कळा दाबताच चालू कामावर टिपणवही किंवा कॅल्क्युलेटर उघडून देई. १९८६ साली लाहोरमध्ये तयार झालेल्या ब्रेन या व्हायरसने हीच वाट धरली. डिस्क वाचण्याचा इंटरप्ट त्याने अडवला, त्यामुळे संसर्ग झालेला बूट सेक्टर, म्हणजे संगणक सुरू होताना वाचला जाणारा डिस्कचा भाग, तपासायला गेले तरी मूळचा, स्वच्छ सेक्टरच दिसे. सोय आणि लपवाछपवी या दोन्ही कामांना हे तंत्र सारखेच उपयोगी पडते, हे तेव्हाच स्पष्ट झाले होते.

तंत्राला शास्त्रशुद्ध रूप मिळाले ते १९९९ साली. मायक्रोसॉफ्टच्या संशोधन विभागातील गॅलन हंट आणि डग ब्रुबाकर यांनी त्या वर्षी डिटूर्स या लायब्ररीवरचा निबंध मांडला. ज्या फंक्शनला हुक लावायचा त्याच्या सुरुवातीच्या सूचना उचलून बाजूला ठेवायच्या आणि त्या जागी उडीची सूचना लिहायची. ३२ बिटांच्या इंटेल प्रोसेसरवर ही उडी अवघ्या ५ बाइटची. उचललेल्या सूचना ट्रॅम्पोलिन नावाच्या छोट्या तुकड्यात राहतात आणि त्यांच्या शेवटी मूळ फंक्शनच्या उरलेल्या भागाकडे परतण्याची उडी असते. मूळ फंक्शन असे शाबूत राहते आणि हुकमधून त्याला केव्हाही बोलावता येते. नंतरच्या बहुतेक साधनांच्या पोटात याच रचनेचा कोणता ना कोणता अवतार सापडतो.

मोबाइलवर हे तंत्र हौशी लोकांनी आणले. आयफोन २००७ साली आला आणि ॲपलने त्याचा कारभार पूर्ण बंदिस्त ठेवला. ती बंधने तोडलेल्या, म्हणजे जेलब्रेक केलेल्या फोनसाठी सौरिक या नावाने ओळखल्या जाणाऱ्या जे फ्रीमन यांनी २००८ साली सिडिया हे भांडार उभे केले. त्यांच्याच मोबाइलसबस्ट्रेटमुळे दुसऱ्याच्या ॲपमध्ये आपली लायब्ररी भरणे सोपे झाले. ऑब्जेक्टिव्ह-सी या भाषेचा इथे मोठा हातभार लागला. तिच्यात कोणत्या मेथडसाठी कोणता कोड चालवायचा हे ॲप चालू असतानाच तक्त्यात पाहून ठरते, तेव्हा तक्त्यातली नोंद बदलली की काम होते. साध्या सी फंक्शनसाठी मात्र सूचनाच बदलाव्या लागत. लोकांना यातून हवे होते ते आयकॉनचे नवे रूप, लॉकस्क्रीनवर हवामान, असले काही. अमेरिकेत लायब्ररी ऑफ काँग्रेसने जुलै २०१० मध्ये फोनच्या जेलब्रेकला प्रताधिकार कायद्यातून सवलत दिली आणि या हौसेला तिथे कायद्याचा आधार मिळाला.

अँड्रॉइडवर हीच भूमिका २०१२ साली एक्सपोज्डने घेतली. रोवो८९ हे टोपणनाव घेतलेल्या प्रोग्रॅमरने ते लिहिले. अँड्रॉइडमधले प्रत्येक ॲप झायगोट नावाच्या एकाच मूळ प्रक्रियेतून फुटून निघते. एक्सपोज्डने झायगोट सुरू करणारी फाइलच बदलली, त्यामुळे प्रत्येक ॲप हुकची यंत्रणा सोबत घेऊनच जन्माला येई. मॉड्यूल लिहिणाऱ्याला दोन जागा मिळत: मूळ मेथड चालण्यापूर्वी आणि चालल्यानंतर. ही सरळ विभागणी आजही आदर्श वाटते. मात्र २०१४ च्या अँड्रॉइड ५ मध्ये ॲप चालवणारी डाल्विक ही यंत्रणा जाऊन तिच्या जागी एआरटी आली. ॲपचा कोड आधीच यंत्रभाषेत उतरवला जाऊ लागला आणि एक्सपोज्डला आपला पाया नव्याने घालावा लागला. पुढे प्रणालीच्या फाइल असलेल्या सिस्टिम विभाजनावरचा पहारा कडक झाल्यावर, २०१६ साली आलेल्या मॅजिस्कने ते विभाजन न बदलता रूट, म्हणजे फोनचा पूर्ण ताबा, मिळवून दिला.

सुरक्षा परीक्षकांना या साधनांची गरज भासली ती मुख्यतः सर्व्हरची ओळख पटवणाऱ्या प्रमाणपत्रांमुळे. ॲप आणि सर्व्हर यांतील संवाद पाहायचा तर मध्ये प्रॉक्सी, म्हणजे मधला सर्व्हर, ठेवून तिचे प्रमाणपत्र फोनवर बसवायचे, ही जुनी रीत. पण प्रमाणपत्रे देणाऱ्या डिजिनोटार या डच संस्थेतून २०११ साली खोटी प्रमाणपत्रे बाहेर पडली, तेव्हा क्रोममधल्या पिनिंगमुळे गुगलच्या नावाचे खोटे प्रमाणपत्र उघडे पडले. ठरावीक प्रमाणपत्र किंवा किल्लीच मान्य करण्याची ही पद्धत ॲप बनवणाऱ्यांनीही उचलली आणि परीक्षकाची प्रॉक्सी आंधळी झाली. त्यावर उतारा म्हणून आयसेक पार्टनर्स या सुरक्षा कंपनीच्या संशोधकांनी २०१२ च्या ब्लॅक हॅट परिषदेत एसएसएल किल स्विच मांडले. मोबाइलसबस्ट्रेटच्या आधारे ते प्रमाणपत्राची तपासणीच निकामी करी. थीम बदलण्यासाठी जमवलेली यंत्रणा इथून व्यावसायिक परीक्षेचे अवजार बनली. २०१६ च्या अँड्रॉइड ७ पासून वापरकर्त्याने बसवलेल्या प्रमाणपत्रावर ॲप आपोआप विश्वास ठेवेनासे झाले, तेव्हा तर हुकशिवाय अनेकदा गत्यंतरच उरले नाही.

या सगळ्यात एक अडचण कायम होती. हुक बदलायचा तर मॉड्यूल पुन्हा बांधा, बसवा आणि फोन किंवा ॲप पुन्हा सुरू करा. नॉर्वेचे ओले आंद्रे वाडला राव्नोस यांच्या फ्रिडाने ही अडचण दूर केली, आणि या इतिहासातला सर्वांत मोठा बदल हाच म्हणावा लागेल. फ्रिडा चालू प्रक्रियेत आपला एजंट सोडते, त्या एजंटमध्ये जावास्क्रिप्टचे इंजिन असते, आणि लॅपटॉपवर लिहिलेली स्क्रिप्ट ॲप चालू असतानाच लागू होते. ओळ बदलून फाइल जतन केली की हुक बदलला. रूट नसलेल्या फोनसाठी गॅजेट नावाची लायब्ररी ॲपमध्येच भरून ते पुन्हा बांधता येते. सेन्सपोस्ट कंपनीच्या ऑब्जेक्शन या साधनाने २०१७ पासून ही कामे एकेका आज्ञेवर आणली.

सॉफ्टवेअर सुरक्षेवर काम करणाऱ्या ओवास्प संस्थेने सरावासाठी दिलेल्या अनक्रॅकेबल मालिकेतल्या पहिल्या अँड्रॉइड ॲपवर हे नीट दिसते. फोन रूट केलेला आढळला की हे ॲप सूचना दाखवते आणि बटण दाबताच बंद होते. परीक्षक ॲप बंद करणाऱ्या फंक्शनला हुक लावून त्याला काहीच करू देत नाही. सूचना येते, बटण दाबले जाते आणि ॲप चालूच राहते. मग गुप्त शब्द उलगडणाऱ्या फंक्शनला दुसरा हुक लावायचा आणि त्याचे उत्तर छापून घ्यायचे. एईएस या कूटलेखन पद्धतीने जपलेला शब्द पडद्यावर येतो, किल्ली शोधण्याचे श्रमही पडत नाहीत. कूटलेखन कितीही भक्कम असले तरी वापरण्यापूर्वी माहिती उघडावीच लागते, आणि ती उघडते दुसऱ्याच्या हातातल्या फोनमध्ये.

ॲप बनवणारेही स्वस्थ बसले नाहीत. मेमरीच्या नकाशात फ्रिडाचे नाव शोधणे, तिचे नेहमीचे २७०४२ पोर्ट उघडे आहे का पाहणे, फंक्शनच्या पहिल्या बाइटमध्ये फरक पडला का तपासणे, असे उपाय आले. पण या तपासण्याही शेवटी फंक्शनच असतात आणि त्यांनाही हुक लागतो. म्हणून ॲपलच्या ॲप अटेस्ट किंवा गुगलच्या प्ले इंटेग्रिटीसारख्या सेवांमध्ये ॲप आणि फोन विश्वासार्ह आहेत का याचा निकाल फोनवर न लावता सर्व्हरवर लावला जातो. भारतात रिझर्व्ह बँकेच्या फेब्रुवारी २०२१ च्या डिजिटल पेमेंट सुरक्षा निर्देशांनी रूट किंवा जेलब्रेक केलेला फोन ओळखून ॲप चालू न देण्याची शक्यता तपासायला सांगितले. अनेक बँकिंग ॲप रूट केलेल्या फोनवर चालायला नकार देतात ते याच काळजीतून. ओवास्पच्या मोबाइल मानकात अशा प्रतिकाराला स्वतंत्र प्रकरण आहे. मात्र हे उपाय इतर सुरक्षेच्या जोडीला करायचे आहेत, तिच्या जागी नव्हे, असे त्या मानकाचे सांगणे आहे.