आंब्याच्या कलमाचा खुंट

कलमातला मुळे धरणारा भाग म्हणजे खुंट. त्यावर बांधतात ती कलमकाडी. फळाचा वाण काडी ठरवते. झाडाचा जोम, उंची, खारे पाणी सोसण्याची ताकद यांत मात्र खुंटाचाही वाटा असतो.

कोकणात खुंटासाठी सर्रास रायवळ आंब्याच्या कोयी वापरतात. रायवळ काटक आणि स्वस्त. पण कोयी नाना झाडांच्या. त्यामुळे बागेतली सगळी हापूस काडी एकाच मातृवृक्षाची असली तरी खुंट शंभर आयांचे असतात, आणि शेजारशेजारची कलमे सारखी वाढत नाहीत. यावर उपाय बहुभ्रूणी वाणांचा. त्यांच्या एका कोयीतून अनेक रोपे येतात व त्यांतली बहुतेक आईच्याच ऊतीपासून, म्हणजे हुबेहूब तिच्यासारखी होतात. दक्षिणेतले ओलूर, बप्पकाई, वेल्लाईकोलंबन हे असे वाण. वेल्लाईकोलंबनवर हापूस ठेंगणा राहतो, हे घन लागवडीला सोयीचे. तरीही रोपवाटिका रायवळच वापरतात, कारण त्याच्या कोयी ढिगाने मिळतात.

प्रत्यक्षात निवड होते ती रोपाची. कोयीची उगवणशक्ती लवकर जाते, म्हणून ताज्याच कोयी पेरतात. पाण्यात तरंगणाऱ्या टाकून देतात. कोय कलमासाठी साधारण दोन आठवड्यांचे, तांबूस पानांचे रोप घेतात. ते सरळ हवे, काडीच्या जाडीचे हवे; वाकड्या मुळांचे बाद. पावसाळ्यातली दमट हवा कोय कलमाला मानवते. भेट कलमाला याहून वाढलेले रोप लागते.

मुंबईत, अंधेरीसारख्या ठिकाणी असे कलम लावायचे तर खुंटाइतकाच प्रश्न जमिनीचा आहे. पूर्वेला महाकालीच्या टेकडीलगत मुरमाड जमिनीत पाण्याचा निचरा होतो. पश्चिमेला लोखंडवाला संकुल खाडीकाठच्या दलदलीवर भराव घालून उभे राहिले. अशा जागी क्षार आणि साचलेले पाणी दोन्ही छळू शकतात. खाऱ्या पाण्यासाठी व चुनखडीच्या जमिनीसाठी इस्रायलमध्ये ‘१३-१’ हा खुंट निवडला गेला. सोसायटीच्या एका झाडासाठी असला खुंट शोधत बसण्यापेक्षा उंचवटा करून, चांगली माती घालून लावणे शहाणपणाचे.

कलम घेताना जोड नीट भरला आहे का ते पाहावे, लावताना तो मातीच्या वर ठेवावा आणि जोडाखाली येणारी फूट वेळच्या वेळी काढावी. नाहीतर काडी मागे पडून हापूसऐवजी रायवळच वाढेल.