आच आवरण्याची विद्या

आग पेटवण्याची विद्या माणसाला फार लवकर साधली. पेटलेल्या आगीला ‘पुरे’ म्हणायला शिकण्यात मात्र शतके गेली. इतिहासाच्या पुस्तकांत लढाया असतात, तह असतात. या ‘पुरे’चा इतिहास सहसा सापडत नाही. तोच आज वाचकांपुढे ठेवावा म्हणतो.

आपल्याकडे दिवाळीची थंडी अभ्यंगस्नानापुरती. न्हाणीघरातल्या तांब्याच्या बंबात दोन ढलप्या जास्त पडल्या, तर फार तर विसण घालावे लागते. उत्तर युरोपात हिवाळा महिनोन्‌महिने मुक्कामाला येतो आणि सारे घरच बंबावर चालते. बॉयलरमध्ये पाणी तापते, नळ्यांतून खोल्याखोल्यांत फिरते, भिंतीलगतच्या रेडिएटरमध्ये आपली ऊब सोडते आणि निवून माघारी येते.

दोन हजार वर्षांपूर्वी रोमन लोकांनी फरशीखाली पोकळी ठेवून तीतून भट्टीची गरम हवा खेळवली होती. स्नानगृहे उबदार झाली, धनिकांचे वाडेही झाले. पण आच कमीजास्त करायला भट्टीपाशी माणूस राबतच होता. पाण्याला आपली आच आपणच सांभाळायला लावले ते १७७७ च्या सुमारास बॉनमँ नावाच्या एका फ्रेंच गृहस्थाने, आणि तेही कोंबडीच्या पिलांसाठी! अंडी उबवायला सुमारे ३८ अंश सेल्सिअस ऊब लागते. ती फार घटली वा फार वाढली, तर पिलू जगत नाही. बॉनमँने अंड्यांभोवती गरम पाण्याच्या नळ्या फिरवल्या आणि उष्णतेने लांबणाऱ्या धातूच्या दांड्याला भट्टीच्या हवेची झडप जोडली. पाणी अधिक तापले की झडप मिटे आणि आग मंदावे.

पुढची गोष्ट शाळेतली असल्यामुळे मला विशेष प्रिय आहे. अमेरिकेत व्हाइटवॉटर गावच्या अध्यापक विद्यालयात वॉरन जॉन्सन नावाचे शिक्षक होते. वर्ग किती तापला हे पाहायला गडी वेळोवेळी आत येई, शिकवणे थांबे, मग तो तळघरात जाऊन भट्टी कमीजास्त करी. वर्गात मध्येच कोणी डोकावले की काय होते, हे आम्हा मास्तरांना विचारा! जॉन्सननी भिंतीवर असे यंत्र बसवले, की ऊब बदलताच तळघरात घंटा वाजावी. १८८३ साली त्याचे पेटंट मिळाले. आजच्या विजेच्या थर्मोस्टॅटचा हा एक पूर्वज.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात नव्या जातीचे बॉयलर आले. वायू जळताना वाफ होते. जुन्या बॉयलरमध्ये ती आपली उष्णता घेऊन धुराड्यातून निघून जाई. नवा बॉयलर त्या वाफेचे पाणी करतो आणि तिची उष्णता परत घेतो. अट एकच : रेडिएटरमधून माघारी येणारे पाणी सुमारे ५५ अंशांहून थंड हवे. इंग्लंड आणि वेल्समध्ये २००५ पासून गॅसवर चालणारा नवा बॉयलर, काही अपवाद सोडता, याच जातीचा बसवणे बंधनकारक झाले. पण पुष्कळ घरांत पाणी ७०-८० अंशांवर धाडले जात राहिले. ते माघारी येई तेही तापलेलेच, आणि वाफ पूर्वीसारखी वाया जाई. २०२२ साली युक्रेनच्या युद्धानंतर गॅसचे दर भडकले, तेव्हा खुद्द ब्रिटिश सरकारने लोकांना सांगितले : पाणी ६० अंशांवर आणा.

मँचेस्टरला राहणाऱ्या माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याने त्या वेळी पत्रात विचारले, “सर, पाणी कमी तापवले तर घर गार पडणार नाही का?” प्रश्न रास्त आहे, पण इथे खुंट्या दोन आहेत. खोलीतल्या थर्मोस्टॅटवर घर किती उबदार हवे ते ठरते; बॉयलरवरच्या खुंटीवर पाणी किती तापवून धाडायचे ते. दुसरी खाली आणली तरी खोली बहुधा तितकीच तापते, फक्त सावकाश. फारच कडाका पडला, तर अंश थोडे वाढवावेत. मात्र ज्या घरी न्हाण्याचे पाणी टाकीत साठते, तिथे ते ६० अंशांपर्यंत तापलेच पाहिजे, नाही तर लेजिओनेला नावाचे रोगजंतू वाढण्याची भीती असते. तिथे जाणकाराला विचारूनच हात लावावा.

हे सारे दोन पैशांपुरते नाही. बिलाच्या धास्तीने एखादे वृद्ध जोडपे पहिली खुंटी खाली आणते आणि अंगावर शाली ओढून कुडकुडत बसते. म्हाताऱ्यांची खोली १८ अंशांखाली जाऊ देऊ नये, असे तिथली आरोग्यसेवा सांगते. त्यांनी हात लावायला हवा तो दुसऱ्या खुंटीला. अडीचशे वर्षांपूर्वी बॉनमँच्या पिलांना हवी तेवढीच आच मिळाली होती. ती या दोघांना मिळावी, यासाठी कोणी तरी शेजाऱ्याने त्यांच्या स्वयंपाकघरात जाऊन ती खुंटी वीसेक अंश मागे फिरवून द्यायची आहे.