उभं राहायचं नाही

किरिल सेरेब्रेन्निकोव यांच्या 'लेतो' या २०१८ च्या कृष्णधवल चित्रपटाच्या सुरुवातीला काही मुली शिडी लावून एका इमारतीच्या स्वच्छतागृहाच्या खिडकीतून आत शिरतात. आत रॉकचा कार्यक्रम रंगलाय. पण सभागृहात पाहावं तर श्रोते शाळेच्या वर्गात बसावेत तसे हात आवरून खुर्च्यांवर बसलेले. एक मुलगी हृदयाचं चित्र काढलेला कागद वर धरते, तोच देखरेखीवरचा माणूस येऊन तो खाली करायला लावतो. मंचावर गिटार कडाडतेय आणि समोर कुणी उभंही राहत नाही.

आज हा प्रसंग पाहणाऱ्याला तो दिग्दर्शकानं रंगवून सांगितल्यासारखा वाटेल. चित्रपटात कल्पनेच्या भराऱ्या आहेतच, लोकलगाडीत आणि ट्रॉलीबसमध्ये प्रवासी अचानक इंग्रजी रॉक गाणी म्हणू लागतात, आणि एक पात्र मधूनच येऊन 'असं काही घडलं नव्हतं' असंही बजावून जातं. हा बसलेल्या श्रोत्यांचा प्रसंग मात्र लेनिनग्राडच्या इतिहासातून जसाच्या तसा उचललेला आहे.

जागेचा पत्ता होता रुबिनश्टाइन रस्ता, घर क्रमांक १३. कामगार संघटनांच्या हौशी कलाकेंद्राची ही इमारत. तिथे ७ मार्च १९८१ रोजी लेनिनग्राड रॉक क्लब सुरू झाला. त्याआधी या शहरातली रॉक मंडळी महाविद्यालयांच्या समारंभांत, कुणाच्या तरी बिऱ्हाडात, मिळेल तिथे वाजवत होती आणि पोलीस आले की पांगत होती. आता त्यांना छप्पर मिळालं. त्याबरोबर नियमही आले. गाण्याचे शब्द आधी मंजुरीला द्यायचे, मान्य झाले तरच ते मंचावर म्हणायचे. या मंजुरीला तिथे 'लितोव्का' म्हणत, सोव्हिएत सेन्सॉर खात्याच्या 'ग्लावलित' या नावावरून. वादक कागदोपत्री 'हौशी' असल्यामुळे त्यांना मानधन नव्हतं. आणि हे सगळं के.जी.बी.च्या नजरेखाली चाललंय, हे वाजवणाऱ्यांना आणि ऐकणाऱ्यांनाही ठाऊक होतं. ज्यांना आवरता येत नाही त्यांना एका खोलीत आणून बसवावं, हा सत्तेचा हिशोब. मात्र जी माणसं एरवी एकमेकांना शोधत शहरभर फिरली असती, ती त्या खोलीत एकत्र आली. याचा हिशोब कुणी केला नव्हता.

या मंडळींची पूर्वपीठिका हाडांवर कोरलेली आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर सोव्हिएत संघात पाश्चात्त्य जाझ आणि नृत्यसंगीताच्या तबकड्या मिळत नसत. तेव्हा लेनिनग्राडमध्ये रुस्लान बोगोस्लोव्स्की आणि बोरिस ताइगिन यांच्यासारख्या तरुणांनी एक युक्ती काढली. रुग्णालयांतून टाकून दिलेल्या क्ष-किरणांच्या फिल्म मिळवायच्या, त्या गोल कापायच्या, मधोमध भोक पाडायचं आणि त्यावर गाणं कोरायचं. प्रकाशात धरलं तर बरगड्या दिसत, सुई ठेवली तर जाझ वाजे. 'हाडांवरचं संगीत' हे नाव त्यावरूनच पडलं. पकडले गेलेल्यांनी तुरुंगवास भोगला. बोगोस्लोव्स्की सुटून येऊन पुन्हा याच धंद्याला लागले. पुढे घरोघरी टेपरेकॉर्डर आले आणि तबकड्यांची जागा फितींनी घेतली. एकाच्या फितीवरून दुसरा, दुसऱ्यावरून तिसरा उतरवून घेई. सरकारी 'मेलोदिया' कंपनी जे छापत नव्हती, ते असं हातोहात हजारो किलोमीटर दूर जाऊ लागलं.

ही फीत निर्माण करणारा अव्वल माणूस आंद्रेई त्रोपिल्लो. मुलांच्या एका केंद्रात तो ध्वनिमुद्रणाचा छंदवर्ग चालवायचा. त्या वर्गाच्या आडून त्यानं लेनिनग्राडच्या रॉकचे पायाभूत अल्बम ध्वनिमुद्रित केले. १९८२ मध्ये 'किनो' नावाचा एक नवखा गट तिथे आला. गटात उरले होते दोघेच, व्हिक्टर त्सोई आणि अलेक्सेई रीबिन. ड्रमवादक सक्तीच्या लष्करी सेवेत गेला होता. म्हणून ठेक्यासाठी यंत्र वापरलं. 'अक्वारियम' या जुन्या गटाचे बोरिस ग्रेबेनश्चिकोव आणि त्यांचे सोबती मदतीला आले. अल्बमची लांबी साधारण पंचेचाळीस मिनिटं, म्हणून नाव ठेवलं '४५'. त्सोई तेव्हा विशीत होता.

मग ही माणसं जगत कशावर होती? सोव्हिएत कायद्यात काम न करणं हा गुन्हा होता. १९६४ मध्ये याच शहरात कवी जोसेफ ब्रॉडस्की यांना 'ऐतखाऊ' ठरवून हद्दपारीची शिक्षा झाली होती. तेव्हा कामगार-पुस्तिकेवर एखाद्या नोकरीचा शिक्का हवाच. ही मंडळी रखवालदार झाली, झाडूवाली झाली, बॉयलरमध्ये कोळसा टाकणारी झाली. पगार किरकोळ, पण रात्रपाळीनंतरचे दिवस मोकळे, आणि पाळीतही गिटार वाजवायला कुणाची आडकाठी नाही. 'लेतो'च्या केंद्रस्थानी असलेला रॉक गायक माइक नाउमेंको रखवालदारी करत गाणी लिही. ग्रेबेनश्चिकोव यांची नोकरी १९८० च्या तिबिलिसी रॉक महोत्सवातल्या वर्तनापायी गेली. त्सोई पुढे 'कामचात्का' या टोपणनावाच्या बॉयलरखोलीत कोळसा ओढत असे. त्याच्या सुरुवातीच्या गाण्यांत एकाचं नावच 'आळशी' असं आहे. ज्या राज्यात आळस दंडनीय आहे तिथे हे शीर्षक निवडायला धैर्य लागतं, भले गाणं कितीही साधं असो.

'लेतो'ची प्रेमकथा उमलते ती याच तुटपुंज्या संसारात. माइक, त्याची पत्नी नताल्या आणि त्यांचं तान्हं बाळ एका 'कोम्युनाल्का'त राहतात. अनेक बिऱ्हाडं, प्रत्येकी एखादी खोली, स्वयंपाकघर आणि नळ सगळ्यांचा. मुंबईच्या चाळीत वाढलेल्याला या घराचा नकाशा वेगळा समजवावा लागत नाही. त्या खोलीत त्सोई येतो, नवी गाणी ऐकवतो. माइक त्याच्याहून सात वर्षांनी मोठा, नाव झालेला. तो या पोराला क्लबात आणतो, सूर आणि शब्द सुचवतो. नताल्याच्या मनात हळूहळू त्या मुलाविषयी ओढ निर्माण होते, आणि ती ते नवऱ्यापासून लपवत नाही. चोरटेपणा कुठेच नाही. चित्रपट नताल्या नाउमेंको यांच्या आठवणींवर आधारलेला आहे. माइक आणि त्सोई दोघेही गेल्यानंतर उरलेल्या बाईनं आपली बाजू इतक्या हळुवारपणे मांडावी, हे या कथेतलं सर्वांत सुंदर काम आहे.

त्या पिढीतल्या सगळ्यांनाच हे चित्रण पटलं असं नाही. ग्रेबेनश्चिकोव यांनी पटकथेवर ती खोटी असल्याची सडकून टीका केली. आम्ही असे नव्हतो, हे त्यांचं म्हणणं. त्यांचा राग समजण्यासारखा आहे. स्वतःचं तारुण्य दुसऱ्यानं पडद्यावर मांडलेलं पाहणं सोपं नसतं. तरी बसलेल्या श्रोत्यांचं ते सभागृह चित्रपटानं अचूक पकडलं, हे मान्य करावंच लागतं.

रॉक क्लबच्या त्याच दशकात, १९८४ मध्ये, मुंबईचा 'डिस्को डान्सर' सोव्हिएत चित्रपटगृहांत लागला. हातात गिटार घेतलेला, रस्त्यावरून वर आलेला त्याचा नायक जिमी कोट्यवधी लोकांनी पाहिला. पडद्यावरच्या परक्या जिमीला मोकळीक होती. घरचा गिटारवाला मात्र त्याच काळात अडचणीत होता. रॉक गटांवर बंदीच्या याद्या निघत होत्या, आणि मॉस्कोच्या 'वोस्क्रेसेनिये' गटाचे अलेक्सेई रोमानोव बेकायदा कमाईच्या आरोपाखाली महिनोन्महिने कोठडीत होते.

गोर्बाचेव्ह यांच्या काळात दारं उघडली. १९८६ मध्ये जोआना स्टिंगरे या अमेरिकन तरुणीनं लेनिनग्राडच्या चार गटांच्या ध्वनिफिती देशाबाहेर नेल्या आणि 'रेड वेव्ह' हा जोड-अल्बम अमेरिकेत काढला. २४ जून १९९० रोजी मॉस्कोच्या लुझ्निकी मैदानावर 'किनो' वाजला, तेव्हा हजारोंची गर्दी उभी होती. खाली बसा म्हणायला कुणी नव्हतं.

'लेतो'च्या दिग्दर्शकाला मात्र बसवण्यात आलं. ऑगस्ट २०१७ मध्ये, चित्रीकरण चालू असतानाच, आर्थिक गैरव्यवहाराच्या आरोपावरून सेरेब्रेन्निकोव यांना पीटर्सबर्गमधून ताब्यात घेऊन मॉस्कोत स्थानबद्ध केलं. राहिलेली दृश्यं सहकाऱ्यांनी त्यांच्या टिपणांवरून पुरी केली. संकलन त्यांनी घरात बसून केलं. मे २०१८ मध्ये कानच्या महोत्सवात चित्रपट स्पर्धेत होता, आणि कलाकार त्यांच्या नावाची पाटी हातात धरून लाल गालिच्यावरून चालले.

ज्यांची ही कथा, ते दोघे मात्र केव्हाच गेले होते. लुझ्निकीच्या त्या कार्यक्रमानंतर दोन महिनेही झाले नव्हते. १५ ऑगस्ट १९९० रोजी लाटव्हियात तुकुम्सजवळ त्सोईची मोटार बसवर आदळली. तो २८ वर्षांचा होता. माइक २७ ऑगस्ट १९९१ रोजी, ३६ व्या वर्षी गेला. गोर्बाचेव्ह यांच्याविरुद्धचं मॉस्कोतलं बंड फसून तेव्हा आठवडाही उलटला नव्हता. त्यानंतर दहा दिवसांनी, ६ सप्टेंबरला, लेनिनग्राडचं नाव पुन्हा सेंट पीटर्सबर्ग झालं.