ढेकण्याचे बारसे

तुरीच्या शेंगा भरू लागल्या की त्यांच्यावर एक तपकिरी किडा दिसू लागतो. लांबी जेमतेम सेंटिमीटरभर, खांद्यांना दोन्हीकडे काट्यासारखी टोके. शेंगेच्या सालीतून सुईसारखी सोंड आत खुपसून तो कोवळ्या दाण्याचा रस पितो. शेंग वरून धड दिसते, पण आतला दाणा सुरकुतून काळपट पडलेला असतो. असा दाणा पेरला तरी उगवत नाही. माझी आई सुपात तूर पाखडताना असे दाणे वेचून बाजूला टाकायची आणि म्हणायची, ‘ढेकण्यानं खाल्लेत.’ तिच्या दृष्टीने तेवढी ओळख पुरेशी होती.

शास्त्रात मात्र या ढेकण्याचे नाव आहे क्लॅव्हिग्राला गिबोसा. ‘गिबोसा’ म्हणजे कुबड असलेला. आपल्या तुरीवरच्या किड्याला हे लॅटिन नाव कोणी दिले? आणि नाव दिल्याने काय साधले?

या किड्याच्या कुळाला ‘कोरिडी’ म्हणतात. यातल्या काही जातींच्या मागच्या पायांची नडगी पानासारखी पसरट असते. त्यावरून इंग्रजीत या साऱ्या कुळालाच ‘पानासारख्या पायांचे ढेकूण’ असे नाव पडले. आपल्या तुरीवरच्या ढेकण्याचे पाय तसे नाहीत, पण घराणे तेच.

प्राण्यांच्या शास्त्रीय नावांची मोजणी १७५८ पासून होते. त्या वर्षी स्वीडनच्या लिनियसच्या ग्रंथाची दहावी आवृत्ती निघाली. लिनियसचा डेन्मार्कमधला शिष्य फॅब्रिसियस याने हिंदुस्थानातल्या अनेक किड्यांना नावे दिली. तमिळ किनाऱ्यावर तरंगमबाडी येथे डेन्मार्कच्या लोकांची वसाहत होती, तिथून नमुने जहाजाने जात. आपल्या ढेकण्याची पाळी आली १८३७ मध्ये. जेनोव्हाचे एक इटालियन सरदार मॅक्सिमिलियान स्पिनोला यांना किड्यांचा मोठा नाद. त्यांनी त्या वर्षीच्या आपल्या ग्रंथात त्याचे वर्णन छापले आणि बारसे झाले.

तेव्हापासून या किड्याचे पूर्ण नाव लिहिताना शेवटी ‘स्पिनोला, १८३७’ असे जोडतात. मी कविता लिहिणारा माणूस, मला यात आपली जुनी रीत दिसते. गझलेच्या शेवटच्या शेरात शायराचे तखल्लुस येते, अभंगाच्या शेवटी संताची नाममुद्रा येते. इथेही तसेच. पुढे कोणी तो किडा दुसऱ्या प्रजातीत हलवला, तर पहिल्या वर्णनकर्त्याचे नाव कंसात जाते, पण पुसले जात नाही. फरक इतकाच, की कवीची मुद्रा त्याचा हक्क सांगते आणि शास्त्रज्ञाची मुद्रा त्याची जबाबदारी. चूक निघाली तर कोणाला विचारायचे, हे तिथेच लिहिलेले असते.

स्पिनोलानंतरचे मोठे नाव विल्यम डिस्टंट यांचे. पिंपरी-चिंचवडच्या श्रोत्यांना हे गृहस्थ जवळचे वाटावेत, कारण त्यांचे उमेदीचे आयुष्य लंडनच्या एका कातडी कमावण्याच्या कारखान्यात नोकरी करण्यात गेले. किड्यांचा अभ्यास त्यांनी पोटापाण्याचा उद्योग सांभाळून केला. पुढे ब्रिटिश म्युझियमच्या कामात राहून त्यांनी हिंदुस्थानातल्या ढेकूण, तुडतुडे, रातकिरकिरी सिकाडा अशा रस शोषणाऱ्या किड्यांवर सात खंड लिहिले. ते १९०२ ते १९१८ या काळात निघाले. आपल्या ढेकण्याचे घराणे पहिल्याच खंडात आहे. शंभर वर्षे उलटली तरी आपल्याकडचे अभ्यासक हे खंड उघडून बसतात.

तरीही काम संपलेले नव्हते. १९७८ मध्ये डॉलिंग या इंग्रज संशोधकाने आशियातल्या या शेंगांवरच्या ढेकण्यांची पुन्हा तपासणी केली, तेव्हा त्यांत तोवर कोणी न ओळखलेल्या जाती निघाल्या. संग्रहालयाच्या पेटीत टाचणीला टोचलेला किडा वर्षानुवर्षे दुसऱ्याच्या नावाखाली पडून राहू शकतो.

नवी जात ठरवायची कशी? किडा सापडला की आनंदाने नाव ठेवता येत नाही. आधी त्या प्रजातीच्या आजवरच्या सगळ्या जातींची वर्णने वाचावी लागतात, शक्य तर मूळ नमुने पाहावे लागतात. ढेकण्यांमध्ये बाहेरून दोन जाती सारख्याच दिसतात, म्हणून नराचे जननेंद्रिय सोडवून सूक्ष्मदर्शकाखाली त्याची चित्रे काढतात. मग एक नमुना निवडतात. त्याला होलोटाइप म्हणतात. नाव कायमचे त्या एका नमुन्याशी बांधलेले असते. त्याच्या टाचणीला बारीक अक्षरांत चिठ्ठी असते: कुठे सापडला, कोणत्या तारखेला, कोणी पकडला. तो कोणत्या संस्थेत ठेवला आहे हेही छापावे लागते, म्हणजे शंका आली तर कोणीही जाऊन पाहावे.

आता आईच्या सुपाकडे येऊ. शेतकऱ्याला या नावाचा काय उपयोग? या ढेकण्याच्या अंड्यांत आपली अंडी घालणारी एक अगदी चिमुकली गांधीलमाशी आहे. तिचे नावच ग्रायॉन क्लॅव्हिग्राली, म्हणजे ढेकण्याच्या नावावरून ठेवलेले. ढेकण्याचे पिल्लू निघण्याऐवजी त्या अंड्यातून ही माशी बाहेर पडते. औषध न फवारता होणारी ही राखण आहे. पण कोणती माशी कोणत्या ढेकण्याच्या अंड्यांवर जगते, हे सांगायचे तर आधी दोघांना नेमके ओळखावे लागते. चुकीच्या नावाखाली केलेला प्रयोग दुसऱ्याच किड्यावर केलेला ठरतो.

हे सगळे जेनोव्हा-लंडनचे वाटत असेल, तर आकुर्डीला जा. भारतीय प्राणी सर्वेक्षण ही संस्था १९१६ मध्ये कोलकात्यात सुरू झाली. तिचे पश्चिम विभागीय केंद्र १९५९ मध्ये पुण्यात निघाले, ते आज आकुर्डीत आहे. आसपास कारखाने, आणि मधे कपाटांत टाचणीला टोचलेले, चिठ्ठी लावलेले किडे. पूर्वी आपले किडे बारशासाठी बोटीने जात, आता ते काम कंपनीच्या भोंग्याच्या टप्प्यात होते.

याच भागाचे नाव शास्त्रात एकदा गेलेलेही आहे. १९५४ मध्ये स्थापन झालेल्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्समध्ये संशोधकांना एका जीवाणूपासून हॅमायसिन हे बुरशीवरचे औषध मिळाले. त्या जीवाणूचे नाव स्ट्रेप्टोमायसिस पिंप्रिना. पिंपरी लॅटिनमध्ये गेली ती अशी.

चाकणच्या कारखान्यातून बाहेर पडणाऱ्या प्रत्येक गाडीच्या चेसिसवर नंबर असतो. एका गाडीचा नंबर दुसरीला मिळत नाही, आणि हिशेब चुकला तर कोणीतरी जबाब देतो. त्याच कारखान्याच्या कुंपणालगत उरलेल्या गवतावर, रानघेवड्यावर किती जातींचे किडे आहेत, याचा हिशेब कोणाकडे आहे? शेत गेले की तूर जाते, तुरीबरोबर ढेकण्या जातो, त्याच्यावर जगणारी माशीही जाते. ढेकण्याला १८३७ मध्येच नाव मिळाले होते, म्हणून तो गेला तर निदान कळेल. ज्याचे बारसेच झाले नाही, त्याच्या जाण्याची नोंद कुठे करणार?

म्हणून एक विनंती. तुमच्या घरचा मुलगा किंवा मुलगी काडेपेटीत किडा घालून घेऊन आली, तर ओरडू नका. एक कागदाचा कपटा द्या आणि त्यावर गावाचे नाव आणि तारीख लिहायला सांगा. शास्त्राची सुरुवात त्या चिठ्ठीपासूनच होते.

(नभोवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)